टर्बो मोठा बसवला आणि गाडीचा पिकअपच गेला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे गाड्या घेऊन येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "एवढे पैसे घातले आणि गाडी आधीपेक्षा मंद झाली". त्या माणसाचा चेहरा बघवत नाही खरं सांगतो, कारण त्यात महिन्याभराचा नाही, वर्षभराचा पगार बाजूला टाकलेला असतो. म्हणून परत परत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवतोय. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, आणि त्या जास्तीच्या दाबाला बूस्ट म्हणतात. डिझेल आणि पेट्रोल दोन्ही आहे, तुमचं जे असेल ते वाचा.

दादा, नवीन टर्बो बसवून चार दिवस झाले आणि गाडी ओढतच नाहीये, टर्बोच खराब आला असेल का?

असू शकतो, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्या. टर्बो बदलताना किती गोष्टींना हात लागतो ते बघा ना, एअर फिल्टरचा पाइप निघतो, इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) दोन्ही होस निघतात, वॅक्युमच्या बारीक नळ्या निघतात, सेन्सरचे कपलर निघतात, ऑइलच्या पाइपचा पोकळ बँजो बोल्ट, सायलेन्सरचा पुढचा पाइप, सगळं. यातलं काहीही एक नीट बसलं नाही की पॉवर जाते, आणि शिव्या मात्र टर्बोला बसतात. मी आजवर जेवढ्या गाड्या बघितल्या त्यात टर्बो खाली उतरवून परत चढवला आणि प्रॉब्लेम तसाच राहिला असं कितीतरी वेळा झालंय, कारण गळका पाइप दोन्ही वेळेला तोच परत लावला होता.

तर पहिली गोष्ट, टर्बो परत उतरवू नका. मजुरीही जाते, पॅकिंगही नवी लागतात, आणि जो पुरावा जागेवर होता तो पण हलतो.

पॉवर नक्की कुठे गेली हे कसं ओळखायचं?

"ओढत नाही" एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही, कधी ओढत नाही ते सांगा. खाली, म्हणजे १५००-२००० आरपीएमला मेलेली आहे आणि वर ३००० नंतर जरा जीव येतो, तर डिझेलमध्ये व्हीजीटीच्या (आतल्या पात्या हलवून बूस्ट कमी-जास्त करणाऱ्या टर्बोच्या) पात्या उघड्या राहतायत किंवा टर्बो इंजिनाच्या मानाने मोठा आहे. खाली छान जाते आणि जोरात दाबल्यावर ३००० च्या आसपास कोणीतरी मागून दोरी ओढल्यासारखी अडते, मग चावी बंद करून परत चालू केली की पुन्हा पहिल्यासारखी, तर तो लिम्प मोड आहे, ईसीयूने म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने स्वतःहून पॉवर कापलीये, आणि बहुतेक वेळा ते बूस्ट जास्त झालं म्हणून. सगळ्या आरपीएमला एकसारखी मंद असेल आणि सोबत काळा धूर असेल तर हवा गळतेय. धूर नाही, आवाज नाही, नुसतीच मंद, तर इंधन कमी मिळतंय किंवा ईसीयू बूस्ट मागतच नाहीये. आणि पहिल्या दोन दाबण्यात मस्त, तिसऱ्यात दमते, तर उष्णता.

हे सगळं एका कागदावर लिहून मेकॅनिककडे न्या. कुठल्या गिअरला, किती आरपीएमला, गाडी गरम की थंड, एसी चालू की बंद, धूर कुठल्या रंगाचा. अर्धं निदान तिथेच होतं.

स्कॅनर नाहीये माझ्याकडे, घ्यावा लागेल का?

टर्बोवर खर्च करायची तयारी असेल तर स्कॅनर घ्याच. साधा ईएलएम३२७ ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवर कार स्कॅनर किंवा टॉर्क सारखं ॲप एवढ्यावर सुरुवात होते, फोक्सवॅगन-स्कोडा असेल तर व्हीसीडीएस हे त्या गाड्यांचं स्कॅनर सॉफ्टवेअर मिळालं तर सोनं, कारण त्यात ईसीयूने किती बूस्ट मागितलं आणि प्रत्यक्षात किती मिळालं हे दोन्ही शेजारी शेजारी दिसतं. साध्या डोंगलवर मागणीचा आकडा बऱ्याच गाड्यांत दिसत नाही, फक्त मिळालेला दिसतो, तरी तोही पुष्कळ सांगतो.

आधी एक फुकटची टेस्ट करा. चावी ऑन, इंजिन बंद, आणि मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा बघा. त्या वेळी पाइपात फक्त बाहेरची हवा असते, त्यामुळे मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास दिसायला पाहिजे. पुण्यात उभ्या गाडीत ११५ किंवा ८० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय किंवा त्याच्या तोंडाला तेल-काजळीचा थर बसलाय, आणि ईसीयू त्याच खोट्या आकड्यावर निर्णय घेतोय. सेन्सर काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने हळुवार धुवा, आत काडी-बिडी घालू नका.

आणखी एक, मॅपचा आकडा ॲब्सोल्यूट असतो, त्यात बाहेरची हवा धरलेली असते. डॅशबोर्डवरचा बूस्ट गेज फक्त वरचा भाग दाखवतो. ॲपवर २०० किलोपास्कल म्हणजे गेजवर साधारण १ बार, म्हणजे साडेचौदा पीएसआय. या गोंधळात कित्येक जण "दोन बार मारतोय" म्हणून खूश असतात आणि खरं बूस्ट एकच बार असतं.

लॉग, म्हणजे गाडी पळताना स्कॅनरवरच्या आकड्यांची नोंद, कशी घ्यायची? नुसतं उभ्या गाडीत रेस देऊन बघितलं तर चालेल?

नाही चालणार, न्यूट्रलमध्ये रेस दिली तर इंजिनावर लोडच नसतो, टर्बो खरं बूस्ट बनवतच नाही. तिसरा गिअर टाका, १५०० आरपीएमपासून ॲक्सिलेटर पूर्ण दाबा, डिझेलला ४००० पर्यंत आणि पेट्रोलला ५५००-६००० पर्यंत. मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात द्या, स्वतः बघत चालवू नका. मोकळा सरळ रस्ता पहाटेचा बघा, चढ असेल तर अजून चांगलं. आम्ही खंबाटकीच्या चढाच्या आधीच्या पट्ट्यात घेतो, पण ट्रॅफिक असेल तर तसेच परत येतो.

लॉगमध्ये चार गोष्टी हव्यात, मागितलेलं बूस्ट, मिळालेलं बूस्ट, बूस्ट कंट्रोल सोलेनॉइडचा (बूस्ट सांभाळणाऱ्या विजेच्या व्हॉल्वचा) ड्यूटी सायकल, म्हणजे तो किती टक्के वेळ चालू आहे, आणि एअर मास, म्हणजे आत जाणारी हवा. आता समजा ईसीयू २२०० मिलीबार मागतोय, मिळतायत १६५०, आणि ड्यूटी ९० टक्क्याच्या वर गेलाय, म्हणजे ईसीयू जीव तोडून मागतोय पण मिळत नाही, मग गळती, पात्या किंवा वेस्टगेट (टर्बाइनला बगल देऊन गरम वायू सोडणारी झडप) बघा. पण मागणीच १६५० ची असेल आणि मिळतंयही तेवढंच, तर टर्बोचा काही दोष नाही, ईसीयूनेच हात आखडता घेतलाय आणि त्याचं कारण दुसरीकडे आहे, गरम हवा, कमी रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब), एखादा सेन्सर, किंवा मॅपिंग, म्हणजे ईसीयूतला प्रोग्रामच तसा. काही गाड्यांत ड्यूटीचा आकडा उलटा वाचतो, जास्त म्हणजे कमी, हे आपल्या इंजिनाचं आधी समजून घ्या.

हवा गळती घरच्या घरी कशी शोधायची?

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे कारण दोनशे-तीनशे रुपयांत होतो आणि सगळ्यात जास्त गाड्या इथेच बऱ्या होतात.

प्लंबिंगच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाच्या मापाचं पीव्हीसीचं एंडकॅप आणा, मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व बसवा, झालं टेस्टर. एअर फिल्टरपासून टर्बोकडे येणारा पाइप काढून टर्बोच्या तोंडाला एक होस लावा, त्यात हे कॅप घालून क्लॅम्प आवळा आणि पायपंपाने किंवा कॉम्प्रेसरने हळूहळू १० पीएसआय, फार तर १५ पर्यंत हवा भरा. क्रँककेस ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणारा) पाइप त्या बाजूला जोडलेला असेल तर तो बंद करा, नाहीतर हवा इंजिनच्या पोटात जाते आणि ऑइल सील बाहेर ढकलले जातात. चेहरा कॅपसमोर ठेवू नका, ते सुटलं तर गोळीसारखं येतं. मग स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी करा आणि प्रत्येक जॉइंटवर मारत सुटा. फेस आला की तिथे गळती. थोडी हवा इंजिनाच्या उघड्या व्हॉल्वमधून जाणारच, फार जात असेल तर इंजिन हाताने थोडं फिरवून बघा.

माझ्या स्वतःच्या डिझेलचं सांगतो. टर्बो बदलला, नवीन क्लॅम्प लावले, सगळं वरून छान दिसत होतं, तरी पाचव्या गिअरला घाट चढताना ट्रकच्या मागे अडकायची वेळ. तीन आठवडे शोधत होतो. शेवटी ही टेस्ट लावली आणि गाडीखाली झोपलो, तर इंटरकूलरच्या खालच्या होसच्या पोटाला, जिथे वरून कधीच नजर जात नाही, दोन इंचाची चीर. बोटाने चाचपली तरी कळत नव्हती, रबर आपोआप मिटलेलं. हवा भरली आणि आठ पीएसआयच्या पुढे ती चीर ओठांसारखी उघडली, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे निघाले आणि फुस्स आवाज. त्या चिरेच्या भोवती तेलकट धूळ चिकटलेली होती, म्हणजे खूण आधीपासून डोळ्यासमोर होती. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीत पहिलं टॉर्च घेऊन तेलकट धूळ कुठे बसलीये ते बघतो, कारण बूस्टच्या हवेत थोडं तेल असतंच आणि गळतीच्या जागी ते बाहेर येऊन धूळ धरतं.

होसशिवाय अजून कुठे गळतं, तर इंटरकूलरची प्लॅस्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमला दाबलेली असते ती कड, इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, मॅप सेन्सरची ओ-रिंग, ईजीआरचा (सायलेन्सरकडचा थोडा वायू परत इंजिनात नेणाऱ्या व्हॉल्वचा) जॉइंट, आणि पेट्रोलला डायव्हर्टर व्हॉल्वचा (ॲक्सिलेटर सोडल्यावर बूस्ट सोडणाऱ्या व्हॉल्वचा) फाटका डायफ्रॅम. सिलिकॉनचा होस असेल तर साधा स्क्रूचा क्लॅम्प त्याला कापतो, टी-बोल्ट क्लॅम्प लावा. आणि पाइपाला तेल लागलेलं असताना होस चढवला तर तो बूस्टला घसरतो, आधी ब्रेक क्लीनरने पुसून कोरडा करा.

शिट्टीसारखा आवाज येतो पण पॉवर नाही, काय?

बूस्टसोबत वाढणारी आणि ॲक्सिलेटर सोडल्यावर जाणारी शिट्टी बहुतेक गळतीची, नाहीतर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मधल्या पॅकिंगची. ते पॅकिंग गळलं तर गरम वायूची ताकद टर्बाइनपर्यंत पोहोचतच नाही, आणि जॉइंटच्या भोवती काळी काजळी दिसते. सायरनसारखा धातूचा आवाज असेल तर मात्र गाडी बंद करा, पंख्याची पाती घासत असू शकते.

डिझेल आहे, व्हीजीटी टर्बो आहे. ॲक्चुएटर कसा तपासायचा?

ॲक्चुएटर म्हणजे टर्बोच्या पात्या हलवणारा भाग, तो व्हॅक्युमवाला आहे की इलेक्ट्रॉनिक ते आधी बघा. बारीक रबरी नळी येत असेल तर व्हॅक्युमवाला.

इंजिन चालू करताना कोणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही ॲक्चुएटरची दांडी बघा. बहुतेक व्हॅक्युमवाल्या डिझेलात स्टार्ट केलं की दांडी आत ओढली जाते आणि बंद केलं की सरळ परत येते. हललीच नाही तर व्हॅक्युम येत नाहीये किंवा पात्या जाम आहेत. व्हॅक्युम नसला की पात्या उघड्या राहतात, म्हणून खाली गाडी मेलेली लागते.

मग हातपंप लावा, तो व्हॅक्युमचा छोटा पंप मिळतो गेजसकट. ॲक्चुएटरला लावून हळूहळू ओढा, दांडी एकसारखी, न अडखळता सरकली पाहिजे आणि ओढून धरल्यावर काटा निदान मिनिटभर हलता कामा नये. काटा पडत असेल तर आतला डायफ्रॅम फाटलाय. काटा धरतोय पण दांडी अडकत अडकत जाते तर पात्यांत काजळी आहे किंवा जो रीबिल्ड टर्बो घेतलाय त्याची रिंग नीट बसवलेली नाही. मग हातपंपाचा गेज व्हॅक्युमच्या मुख्य नळीला लावून येणारा व्हॅक्युम मोजा, पाऱ्याच्या २५ इंचांच्या आसपास असायला हवा. इंजिनाच्या त्याच व्हॅक्युम पंपावर ब्रेकचा बूस्टर पण चालतो, त्यामुळे ब्रेक पेडल दगडासारखं झालं असेल तर तुमचं उत्तर तिथेच आहे.

नळ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण यात फार वेळा चूक होते. सोलेनॉइडला दोन किंवा तीन टोकं असतात, पंपाकडून येणारं, ॲक्चुएटरकडे जाणारं आणि हवेसाठी उघडं. टर्बो काढताना नळ्या सुटतात आणि परत लावताना दोन नळ्यांची अदलाबदल होते, दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, रंगीत टेप लावा, पाच मिनिटांचं काम आहे. जुन्या नळ्या टोकाला ढिल्या झालेल्या असतात, तेवढा अर्धा इंच कापून लावल्या तरी फरक पडतो.

ॲक्चुएटरच्या दांडीवरचा नट आणि पात्यांचा स्टॉप स्क्रू हे दोन्ही फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या मशीनवर) सेट होऊन आलेले असतात. "जरा घट्ट करून बघू" म्हणून कोणी पाना लावत असेल तर हात धरा त्याचा. इलेक्ट्रॉनिक ॲक्चुएटर असेल तर बदलल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने लर्निंग करावं लागतं, ते केलं नाही तर ईसीयूला दांडीची दोन टोकंच माहीत नसतात.

स्कॅनरवर पी०२९९ हा फॉल्ट कोड आला तर? आणि पी०२३४?

पी०२९९ म्हणजे मागितलं तेवढं बूस्ट मिळालं नाही, पी०२३४ म्हणजे जास्त झालं. यात "टर्बो खराब" असं कुठेही लिहिलेलं नाही, स्कॅनरवाल्याने तसं सांगितलं तरी. पहिल्यात गळती, व्हॅक्युम, उघडं वेस्टगेट, चोंदलेला एक्झॉस्ट. दुसऱ्यात जाम पात्या, वेस्टगेटची सुटलेली नळी, आणि टर्बो मोठा झाला पण ईसीयूचा मॅप जुनाच ठेवला. सोबत पी०१०१ असेल तर एअर मास सेन्सर किंवा त्याच्या पुढची गळती, पी००८७ असेल तर रेल प्रेशर कमी, मग टर्बो सोडा आणि डिझेलच्या मागे लागा.

कोड नुसता उडवू नका. त्यासोबत फ्रीझ फ्रेम असते, त्या क्षणाचा आरपीएम, लोड, तापमान. आधी तिचा स्क्रीनशॉट घ्या.

पेट्रोल टर्बो आहे, बूस्ट ०.४-०.५ बारवरच अडकलंय.

हा आकडा ऐकला की मला आधी वेस्टगेटची स्प्रिंग आठवते. बऱ्याच छोट्या टर्बोंना नुसत्या स्प्रिंगवर एवढंच बूस्ट मिळतं, त्याच्या वरचं सगळं सोलेनॉइडच्या मदतीने. म्हणजे सोलेनॉइड काम करत नाहीये, त्याचा कपलर बसलेला नाही, किंवा नळ्या अशा लागल्यात की टर्बोचं प्रेशर थेट ॲक्चुएटरला जातंय. स्कोडा-ऑडीच्या जुन्या १.८ टी इंजिनात छोटा के०३ काढून मोठा के०४ टर्बो टाकणारे खूप जण होते, त्यात एन७५ नावाचा सोलेनॉइड याच कारणासाठी पहिला बघितला जायचा.

बूस्ट ठरलेल्या आकड्यापर्यंत चढतं आणि वर हळूहळू ढळतं, तर वेस्टगेटची झडप एक्झॉस्टच्या दाबाने उघडतेय, दांडीला प्रीलोड (आधीपासूनचा ताण) कमी आहे. पण तो वाढवताना गेज बघत अर्धा-अर्धा आटा, आणि दरवेळी लॉग. ॲक्चुएटरची नळी काढून ठेवून "बघ कसली पळते" करणारे असतात, तसं करू नका, बूस्टला मर्यादाच राहत नाही आणि पिस्टन जातो.

स्विफ्ट डिझेलला एर्टिगाचा व्हीजीटी टर्बो बसवला, काहीच फरक नाही. का?

दोन्हीकडे १२४८ सीसीचं तेच घराणं, एक ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर, दुसरं ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर, म्हणून लोकांना वाटतं की टर्बो बदलला की १५ पीएस आले. पण ७५ वाल्यात फिक्स टर्बो आहे, वेस्टगेट प्रेशरवर आपोआप उघडतं. ९० वाल्यात पात्या हलवायला ईसीयूचा हुकूम लागतो, आणि तो हुकूम जुन्या ईसीयूच्या प्रोग्राममध्ये नसेल तर पात्या एकाच जागी उभ्या राहणार. मग एकतर खाली मेलेली, नाहीतर वर गुदमरलेली. टर्बो, सोलेनॉइड, वायरिंग, बूस्ट सेन्सर आणि ईसीयूची फाइल हा सगळा संच आहे. यातलं अर्धंच करायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, करू नका, आहे त्या टर्बोवर गाडी छान ठेवा.

रीमॅपशिवाय (ईसीयूचा प्रोग्राम बदलल्याशिवाय) मोठा टर्बो चालत नाही का?

चालतो, पण पॉवर देत नाही. पॉवर नुसत्या हवेने नाही, हवा आणि इंधन दोन्हींनी येते. जुना मॅप जेवढं बूस्ट मागतो तेवढंच मोठा टर्बो देणार, फक्त उशिरा. शिवाय सेन्सरची मर्यादा बघा, २.५ बार ॲब्सोल्यूटचा मॅप सेन्सर असेल तर गेजवरच्या दीड बारच्या पुढे त्याला दिसतच नाही, आकडा तिथेच गोठतो आणि ईसीयू इंधन कापतो. लॉगमध्ये रेघ अचानक सपाट झाली की हे समजायचं.

दुसऱ्याच्या गाडीची फाइल आपल्या गाडीत टाकायची नाही, त्याचे इंजेक्टर वेगळे, त्याचा इंटरकूलर वेगळा.

काळा धूर खूप येतो आणि पॉवर पण कमी.

इंधन पडतंय, हवा नाही. डिझेलला गळती, ईजीआर उघडा अडकणं, किंवा एअर फिल्टर. पेट्रोलला एअर मास सेन्सरच्या पुढे गळती असेल तर सेन्सरने मोजलेली हवा वाटेत बाहेर पडते, ईसीयू मात्र मोजलेल्या हवेचं इंधन टाकतो, म्हणून धूर आणि पेट्रोलचा वास. ब्लो-ऑफ व्हॉल्व हवेत सोडला तर गिअर बदलताना तसाच झटका बसतो.

इथे एक वेगळी केस सांगायला हवी. टर्बोच्या आधीचा पाइप मऊ सिलिकॉनचा लावला होता एका मुलाने. उभ्या गाडीत टणटणीत, पण ३५०० च्या पुढे मोठा टर्बो एवढी हवा ओढायचा की पाइप मधेच चपटा व्हायचा. बॉनेट उघडं ठेवून डायनोवर (गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायच्या मशीनवर) बघितलं तेव्हा दिसलं. तारेचं रिंगण असलेला पाइप लावला, संपलं.

निळा-पांढरा धूर येतो आणि इंटरकूलरमधून तेल निघालं. नवीन टर्बोचं सील गेलं?

आधी ऑइलचा परतीचा पाइप बघा. टर्बोतून तेल पंपाने परत जात नाही, नुसतं वजनाने खाली चेंबरमध्ये पडतं, त्यामुळे तो पाइप रुंद, उतरता आणि कुठेही न दुमडलेला हवा. पॅकिंगला सिलिकॉन पेस्ट भरपूर थापली असेल तर ती आत सुटून पाइप अर्धा बंद करते. पिस्टन रिंग झिजल्या आणि क्रँककेसमध्ये प्रेशर वाढलं तरी तेल खाली उतरत नाही आणि सीलमधून बाहेर पडतं. अशा गाडीला तिसरा टर्बो बसवला तरी तो तेल टाकणारच.

जुना टर्बो फुटला असेल तर त्याचं तेल आणि धातूचा भुसा इंटरकूलरमध्ये साठलेला असतो, तो धुतल्याशिवाय नवीन टर्बो जोडू नका. डिझेलमध्ये हे जिवावरचं आहे, साठलेलं तेल इंजिनात ओढलं गेलं तर इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही. असं झालंच तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर लांब जा, हात इनटेकमध्ये घालू नका.

ऑइलच्या बाबतीत बसवताना काय बघायचं होतं?

फीड पाइप नवीन किंवा आतून पूर्ण साफ, बँजो बोल्टची जाळी बघितलेली, ऑइल-फिल्टर ताजं. पहिल्या स्टार्टआधी टर्बोत थोडं ऑइल ओतून, इंधन बंद ठेवून, ऑइलचा दिवा जाईपर्यंत सेल्फ मारायचा. छोटा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, कोरडा काही सेकंद फिरला तरी बेअरिंग गेलं.

पेट्रोलला वरच्या आरपीएमला ठसके लागतात.

प्लग. बूस्ट वाढलं की ठिणगी दाबाने विझते. गॅप ०.६-०.७ मिलीमीटरवर आणा, एका नंबरने थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग घाला, कॉइल बघा. ते करूनही पॉवर कमी असेल तर लॉगमध्ये टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे जातंय का बघा, नॉक आला (इंधन अवेळी पेटून ठोके बसले) की ईसीयू टायमिंग ओढून घेतो. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० टाकून परत लॉग घ्या, टायमिंग सुधारलं तर मॅप तुमच्या रोजच्या पेट्रोलसाठी जास्तच तिखट आहे.

ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं पण लक्षात ठेवा. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा, म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त टाकावं लागतं. आधीच इंजेक्टर आणि पंप काठावर चालत असतील तर वरच्या आरपीएमला मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. वाइडबँड (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) लावल्याशिवाय मोठ्या टर्बोचा पेट्रोल प्रोजेक्ट मी हातात घेत नाही.

डिझेलमध्ये इंधनाचं काय बघायचं?

डिझेल फिल्टर, आणि तो बदलूनच बघा. मग रेल प्रेशर, आयडलला अडीचशे-तीनशे बार, फुल लोडला १६०० च्या आसपास, नव्या इंजिनांत त्याहून जास्त. मागणी आणि प्रत्यक्ष यात दाबल्यावर दरी पडत असेल तर फिल्टर, पंप, नाहीतर इंजेक्टरची परतीची गळती.

पहिल्यांदा छान पळते, मग दमते. उन्हाळ्यात तर विचारूच नका.

इनटेकचं तापमान बघा. मोठं बूस्ट म्हणजे गरम हवा, आणि इंटरकूलर जुनाच. मे महिन्यात बोरघाट चढताना बाहेरच ४० असतं, इनटेकला ६०-७० दिसायला लागलं की ईसीयू पॉवर कमी करणारच. बंपरमागे इंटरकूलरवर चिखल, पॉलिथिनची पिशवी असं काय काय सापडतं. ते आधी काढा, मग मोठा इंटरकूलर.

आरपीएम सरसर चढतो पण गाडी पुढे जात नाही.

टर्बो आपलं काम करतोय, क्लच घसरतोय. चौथ्या-पाचव्या गिअरला २००० वर पूर्ण दाबा, आरपीएमचा काटा उडाला आणि स्पीड तिथेच राहिला तर क्लच प्लेट. टॉर्क वाढवल्यावर जुनी प्लेट टिकत नाही, हा खर्च आधीच धरायला हवा.

सायलेन्सर चोंदला असेल तर?

असू शकतो, विशेषतः जुना टर्बो तेल टाकत होता तर. कॅटचे (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे) तुकडे पडलेले, डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारी गाळणी) भरलेला. डीपीएफला डिफरन्शियल प्रेशर स्कॅनरवर दिसतं, कॅटला लॅम्बडा (ऑक्सिजन मोजणाऱ्या) सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावून बघतात. डीपीएफ पोकळ करून देतो म्हणणारे भेटतील, त्या वाटेला जाऊ नका, मागे शाळेची रिक्षा असते हो.

मेकॅनिक म्हणतो शाफ्ट हलतोय, टर्बो परत पाठव.

जर्नल बेअरिंगचा (ज्याचा शाफ्ट तेलाच्या थरावर फिरतो असा) टर्बो तेल नसताना आडवा थोडा हलतोच, ते नॉर्मल आहे. पुढे-मागे हललेला हाताला जाणवला किंवा पात्या बॉडीला घासल्याच्या चकचकीत खुणा असतील तर मात्र खरंच गेलाय. पाठवण्याआधी का गेला ते शोधा.

आरटीओ आणि इन्शुरन्सचं काय?

खरं ते सांगतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, आणि कलम १८२ए(४) मध्ये प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अडचण करतो. ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवणं हाच सरळ मार्ग आहे.

तोपर्यंत गाडी चालवू का? ऑफिसला जावंच लागतं.

नुसती होसची गळती असेल आणि धूर कमी असेल तर हळू, २५०० च्या खाली, दुरुस्त होईपर्यंत चालवा. लिम्प मोडला चावी बंद-चालू करून रोज रेटू नका. ऑइलचा दिवा, निळा धूर, धातूचा आवाज, किंवा डिपस्टिकवर ऑइल भराभर कमी होणं यातलं एक जरी दिसलं तर स्टार्टच करू नका, टोइंग बोलवा.